नाही म्हणायला न शिकलेलं यंत्र

चार्वीच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. सकाळपासून हेल्मेट कवटाळून ती यंत्रासमोर उभी होती आणि ते मेलं एकच पालुपद लावून बसलं होतं, "थांबा, शोधतोय."

चंद्रावरच्या त्या छोट्या वस्तीत हेल्मेटला या यंत्राकडून स्वतःचा संकेत (खुणेची अक्षरं) मिळाल्याशिवाय बाहेरचं दार उघडत नसे. आणि आज पृथ्वीवरून तिच्या आईचं यान उतरणार होतं, तब्बल दोन वर्षांनी. यानतळावर जाणारी गाडी दाराबाहेर उभी होती. ती चार्वीसाठी थोडीच थांबणार!

तिने यंत्राला ठोंब्या म्हटलं, वर एक लाथही घातली. मग तिने मोर्चा वळवला आबांकडे. आबा म्हणजे तिचे आजोबा. ठोंब्याचा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. आबा म्हणाले, बघू. हे त्यांचं नेहमीचंच. आई कधी येणार, बघू. मी बाहेर कधी जाणार, बघू. चार्वीचा पारा आणखी चढला.

"नुसतं बघू म्हणू नका. तो आत नेमकं काय करतोय ते सांगा."

आबांनी सांगितलं. रेडिओच्या खरखरीतही नीट ऐकू यावीत म्हणून चारच अक्षरं घेतली होती: क, ट, म, र. ठोंब्या त्यांतली दोन रँडम (डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तशी) उचलतो; एकच अक्षर दोनदा आलं तरी चालतं. ती जोडी आधीच कुणाला दिलेली असेल तर टाकून देतो आणि पुन्हा उचलतो. नवी मिळेपर्यंत उचलतच राहतो.

चार्वीने मनात हिशेब केला. पहिल्या जागी चार अक्षरं, त्या प्रत्येकासोबत दुसऱ्या जागी चार. जोड्या झाल्या सोळा. वस्तीत संकेत असलेली माणसं अकरा. मग पाच उरायला हव्यात.

पण पृथ्वीवर गेलेल्या माणसाचा संकेत त्याच्या मानाखातर राखून ठेवायचा, हा तिथला रिवाज होता. आणि गेलेली माणसं होती पाच. आई त्यांतलीच.

"म्हणजे सगळ्या जोड्या संपल्यात," चार्वी म्हणाली, "आणि हा वर्षभर शोधत बसला तरी त्याच त्या उचलणार!"

याला अनंत लूप (कधीच न संपणारा फेरा) म्हणतात, असं आबा हळूच म्हणाले. ठोंब्याला 'नाही' म्हणता येत नाही का, असं तिने विचारलं, तर ते आबांनी त्याला शिकवलंच नव्हतं.

चार्वीने त्यांना लगेच प्रोग्रॅम बदलायला खुर्चीत बसवलं. आधी मोजायचं. सगळ्या जोड्या दिल्या गेल्या असतील तर शोधायचंच नाही, एक अक्षर वाढवायचं. तीन अक्षरांचे चौसष्ट संकेत होतात. आबांनी आणखी एक भर घातली. जोडी शिल्लक असूनही नशिबाने हुकतच राहिली तर? म्हणून ठरावीक प्रयत्न झाले की थांबायचं आणि मिळालं नाही, असं सरळ सांगायचं.

बदल होताच ठोंब्या क्षणात म्हणाला, "दोन अक्षरांत जागा नाही. तुमचा संकेत टकम."

दार उघडलं, पण गाडी केव्हाच निघून गेली होती. मी आता तळावर कशी जाऊ, असं तिने विचारलं. आबांच्या ओठांवर 'बघू' आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

"तळावर नाही जाता येणार," ते म्हणाले. "गाडी परत येईल, तेव्हा आई इथेच भेटेल."

चार्वीला रडू आलं. पण निदान आता कळलं तरी होतं. हेल्मेट चढवून ती दाराबाहेर उभी राहिली. बऱ्याच वेळाने लांबवर गाडीचे दिवे दिसले. हेल्मेटने रेडिओवरून आपला संकेत पाठवला आणि कानात खरखर झाली.

"टकम? हा नवा संकेत कुणाचा?" आईचा आवाज होता.

"माझा," चार्वी म्हणाली. "आणि मी रागावलेय. लवकर ये."