काचेआडचा लाल ठिपका

जेवणाची सुट्टी संपवून परेश ढेकर देत हॉलमध्ये शिरला आणि जागीच थिजला. चित्रातल्या बाईच्या कपाळावरचा लाल ठिपका गेला होता!

"चोरी!" प्राध्यापक स्वप्निल किंजवडेकर किंचाळले. "अहो, ठिपका चोरला!"

चाळीस माणसं आ वासून उभी. एका बाईच्या हातातली सोलकढी साडीवर ओघळत होती, तिला पत्ता नाही. अख्खं चित्र चोरीला गेलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं. नुसता ठिपका कोण नेतं?

अलिबागच्या या 'चित्र बघूया' अभ्यासवर्गाला परेश आला होता तो डॉक्टरांमुळे. उरणला त्याचे कंटेनर वाहणारे चार ट्रेलर, त्यात बीपी वाढलेलं. डॉक्टर म्हणाले, शांत काहीतरी बघत जा. एकट्याला झोप लागेल म्हणून त्याने मामेबहीण प्राप्तीलाही ओढून आणलं. प्राप्ती खासगी तपास करायची. कामं बहुतेक लग्नाआधीच्या चौकशांची, पण नजर अशी की नवऱ्यामुलाची थाप बुटाच्या लेसवरून पकडायची.

सकाळ कशी छान गेली होती! आयोजक आणि हॉलच्या व्यवस्थापक जयमालाबाईंनी समई लावली, सरस्वतीच्या फोटोला हार घातला आणि हळदकुंकवाचं ताट घेऊन हॉलभर फिरल्या. नारळाला लावलं, माइकला लावलं, प्रोजेक्टरलासुद्धा सोडलं नाही.

"आज दसरा हाय काय गं?" परेश कुजबुजला होता. मग बाई ज्या स्वयंपाकघरात गेल्या, त्या जेवणालाच बाहेर आल्या.

किंजवडेकर सरांनी पुढचा दीड तास त्या एका ठिपक्यावर काढला. चित्र शंभर वर्षांपूर्वीचं, उरणकडच्या मिठागरवाल्या चंदाबाईंच्या घरातलं, सकाळीच टेम्पोतून येऊन समईशेजारी ठेवलेलं. जाडजूड चौकट, काच चित्रापासून चांगली दोन बोटं पुढे. सरांनी आजवर त्याचा फक्त काळापांढरा फोटो पाहिला होता. रंग बघून ते पेटलेच.

"हा लाल बघा! मिठाच्या पांढऱ्या जगात एकच निखारा! हा विद्रोह आहे, विद्रोह!"

त्या फोटोच्या वाटलेल्या झेरॉक्सवर ठिपका दिसत नव्हता. सरांनी सगळ्यांना लाल पेनने काढायला लावला. तिथेच भांडण पेटलं. डाव्या कोपऱ्यातली पूनम म्हणाली, ठिपका उजव्या भुवईवर आहे. उजव्या कोपऱ्यातले कृष्णाजी म्हणाले, चष्मा बदल, डाव्या भुवईवर आहे!

"महान कला प्रत्येकाला वेगळी दिसते," सर म्हणाले. टाळ्या पडल्या.

आणि आता कपाळ कोरं!

"हाच होता इथे!" सरांनी बोट रोखलं ते सदावर. सदा हॉलचा शिपाई, पन्नाशीचा. पंधरा वर्षं हंगामी, पुढच्या महिन्यात कुठे कायम व्हायचा होता. "हातात फडकं होतं याच्या!"

"सर, तुमीच बोलला, पेपरसाठी फोटो काढायचाय, काच पुसून घे," सदा म्हणाला. "काच पुसली. बाकी काय न्हाय केलं."

"काच म्हणालो, चित्र नव्हे! जयमालाबाई, याला आजच्या आज काढा. पोलिसांना मी बोलावतो."

सदा मटकन खाली बसला.

"पोलिसांना दहा मिनिटं थांबू दे," प्राप्ती उठली. तिने चित्र फिरवून पाठ पाहिली. खिळे गंजलेले, डकवलेला कागद जुना, कुठे चीर नाही.

"म्हणजे चौकट न उघडता आतला ठिपका काढला?" परेशने विचारलं. "ताई, भूतबित हाय काय?"

प्राप्ती जयमालाबाईंकडे वळली. "बाई, चित्राला हात लावला होता?"

"छे गं! काच आहे ना त्याला."

"सरांचं भाषण ऐकलंत?"

"कधी ऐकू? चाळीस माणसांच्या वड्या तळत होते."

मग तिने चंदाबाईंना फोन लावला, स्पीकरवर. "आजी, चित्रातल्या बाईंच्या कपाळावर काय आहे हो?"

"काय असनार बाय? कायबी न्हाय. ती माजी आजेसासू. मिठागरातून घाईत येऊन बसली, कुकू लावायचं राह्यलं. चित्रकारानं तसंच काडलं. घरात आजून बोलनी खाते ती!"

सरांचा चेहरा मिठागरासारखा पांढरा झाला.

"परेश," प्राप्ती म्हणाली, "दसऱ्याला ट्रेलरच्या काचेला कुंकू लावतोस. सीटवरून कुठे दिसतं ते?"

"बसू तसं. डावीकडं सरकलो की उजव्या झाडावर, उजवीकडं सरकलो की..." परेशचं तोंड उघडंच राहिलं. "आयला! काचेवर!"

"काचेवर. चित्रात असता तर पूनमला आणि कृष्णाजींना एकाच जागी दिसला असता. फोटोत नव्हता, कारण चित्रात तो कधी नव्हताच. आणि इथे सकाळी माइकलाही कुंकू लागलंय. समईशेजारी ठेवलेली बाई कोऱ्या कपाळाने कशी राहील?"

"अगं बाई!" जयमालाबाईंनी तोंडावर पदर घेतला. "मी लावलं! फोटोला लावतो तसं!"

"तुम्ही काचेला लावलं. सदाने काच पुसली. सरांच्याच हुकमाने."



"पण मी..." सर पुटपुटले, "चहाच्या सुट्टीतच पेपरला लेख पाठवलाय. 'निखाऱ्याचा विद्रोह'. उद्या छापून येतोय."

जयमालाबाईंनी सदाला हात धरून उठवलं. "पुढच्या महिन्यात तू कायम. चाळीस साक्षीदार आहेत. आणि आता समारोपाचा सत्कार तुझ्या हातून."

सर खुर्चीत बसले. सदाने शाल घातली, नारळ दिला, कुंकवाच्या ताटात बोट बुडवलं आणि सरांच्या कपाळावर टेकवलं. अख्खा हॉल आधी डावीकडे झुकला, मग उजवीकडे. ठिपका जागचा हलला नाही.

सदाने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं.

"सर," त्याने अदबीने विचारलं, "ऱ्हाऊ दे, का पुसू?"