लेथच्या पाटीचं कोडं

"तीन वाजता साहेब येणार. तोवर खरं काय ते कळलं नाही, तर कारखाना गेलाच म्हणून समजा!" मालकीणबाई एका दमात म्हणाल्या.

तारण ठेवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. सरकार जामीन राहिलं, म्हणून बँकेनं नव्या लेथसाठी, म्हणजे धातू कातायच्या यंत्रासाठी, कर्ज दिलं. आणि काल तपासणीत बँकेच्या अधिकाऱ्यानं शेरा मारला: 'यंत्र जुने, रंगवलेले. क्रमांक बिलाशी जुळत नाही.' हमी रद्द झाली, की सगळं कर्ज एकरकमी परत.

टाचणीबाईंनी पर्स उचलली. खासगी तपासाच्या धंद्यात वीस वर्षं काढलेली ही बाई अंगानं किरकोळ, पण टोचायची बरोबर. सोबत त्यांचे यजमान निघाले, चित्रकलेचे निवृत्त मास्तर. मास्तरांना बारीकसारीक सगळं दिसायचं. अर्थ मात्र बायकोनं सांगेपर्यंत लागायचा नाही.

शेडमध्ये हिरवागार लेथ उभा होता. पुढच्या अंगाला नंबराची पाटी.

"काय नेटकं काम आहे!" मास्तर म्हणाले. "चारही स्क्रूंच्या खाचा अगदी उभ्या."

"अहो, इथं चित्रं तपासायला नाही आलो आपण," बाई म्हणाल्या, आणि स्वतःच स्विचबोर्ड नि कपाटाच्या बिजागऱ्या निरखत बसल्या.

लेथचा विक्रेता तावातावानं आला. "कोरं मशीन दिलंय! कंपनीतून पाटी रिव्हेट मारून येते, बेडच्या, म्हणजे खालच्या लोखंडी बैठकीच्या, टोकालाही नंबर ठोकलेला असतो. नंतर कुणी मशीन बदललं, तर माझा काय दोष?"

मग मालकीणबाईंचे दीर. "वहिनींना मी कधीचं सांगतोय, हा धंदा विकून मोकळ्या व्हा."

"शेडची किल्ली तुमच्याकडेही असते ना?" टाचणीबाईंनी विचारलं.

"असते. म्हणून काय दोन टनांचं धूड खिशात घालून नेलं मी?"

'याच्याच मनात काळंबेरं आहे,' मास्तरांनी ठरवून टाकलं.

शेवटी म्हातारे मिस्त्री. "मशीन बदलायचं नाव नको. पायाचे बोल्ट मी आवळलेत, तसूभर हललेले नाहीत."

"आणि जुना लेथ?"

"भंगारात गेला." मिस्त्रींनी मान फिरवली. "थोरल्या साहेबांनी त्याच्यावरच शिकवलं मला. आमच्या मालकीणबाईंचे सासरे ते."

"हा स्विचबोर्ड, या बिजागऱ्या कुणी बसवल्या?"

"मीच. इथं दुसरं आहे कोण?"

बाईंनी चिंधी घेतली आणि लेथच्या बेडचं टोक घासायला सुरुवात केली. आता हिला साफसफाई कुठून सुचली, मास्तरांना कळेना.

तीनच्या ठोक्याला अधिकारी आले.

"मशीन कुणी बदललंच नाही," टाचणीबाई म्हणाल्या. "बदलली ती पाटी. कंपनीची पाटी रिव्हेटची असते, ही स्क्रूंची आहे. खाचा उभ्या ठेवायची सवय इथं एकाच हाताला. स्विचबोर्ड बघा, बिजागऱ्या बघा. आणि ग्रीसखाली निघालेला हा नंबर तुमच्या बिलाशी ताडून पाहा."

अधिकाऱ्यांनी चष्मा चढवला. अंक न् अंक जुळला.

मिस्त्रींनी आपला खण उघडला. तेलकट फडक्यात नव्या लेथची मूळ पाटी जपून ठेवलेली होती.

"भंगारवाला आला तेव्हा जुन्या लेथची पाटी काढून घेतली आणि याच्यावर बसवली. म्हटलं, थोरल्या साहेबांच्या मशीनचं नाव तरी पुढं चालावं. बँकवाले पाटी वाचतात, हे मला कुठं ठाऊक? सगळे विचारत होते ते मशीनबद्दल."

दिरांवर घेतलेल्या संशयाची मास्तरांना लाज वाटली.

"मूळ पाटी बसवून फोटो पाठवा. शेरा मागे घेतो," अधिकारी म्हणाले.

मालकीणबाई डोळे पुसत हसल्या. "काका, मला एकदा विचारायचं तरी!"

"आणि तुम्ही नाही म्हणाला असतात तर?"

मालकीणबाई लेथजवळ गेल्या. "चूक माझीही आहे. महिनाभर ती पाटी समोर होती आणि मला पत्ता नाही. मशीनमधलं मला ओ की ठो कळत नाही. उद्यापासून मला लेथ शिकवाल?"

"उद्या कशाला?" मिस्त्री म्हणाले. "बाह्या दुमडा."