नळीचं दुसरं टोक

"ओ ताई, जरा हे धरता का?"

वडलांची, म्हणजे आबांची, भाकरी डोक्यावर घेऊन रानात निघालेली सिंधु थबकली. ऊन मी म्हणत होतं, पण तिला राग आला तो 'ताई'चा. त्यात म्हणणारा दिसायला बरा होता... चांगलाच बरा.

तो उतारावर उभा होता. हातात आकडे लिहिलेली काठी, काठीला बांधलेली लांब पारदर्शक नळी, नळीत पाणी. नळीचं दुसरं टोक दुसऱ्या काठीला बांधलेलं, आणि ती काठी बिचारी मातीत आडवी पडलेली.

"ताई कुणाला म्हणलाव?"

"मग काय म्हणू?"

"नाव हाय मला."

"सांगितलं तर कळंल न्हवं?"

सिंधुनं भाकरी खाली ठेवली, काठी उचलली, नाव मात्र सांगितलं नाही. ते त्याला दुपारी आबांनीच सांगून टाकलं.

तो दयानंद. मुखेडकडचा. गावोगाव माती अडवायचं काम करणाऱ्या एका संस्थेनं त्याला निलंग्याच्या या भागात धाडलेलं. जोडीदार आजारी पडून गावाकडं गेलेला, आणि हे काम एकट्यानं होणारं नाही. दोघांनी दोन काठ्या धरून लांब लांब उभं राहायचं. दोन्हीकडं पाणी एकाच आकड्यावर आलं, की दोघांच्या पायांखालची जमीन एका पातळीत. तिथं चुन्याची खूण. खुणा जोडत रेघ, रेघेवर चर, चराच्या खालच्या अंगाला बांध, बांधावर गवत. उतारावरून पळत येणारं पाणी तिथं दम खातं आणि माती रानातच ठेवून जातं.

मातीची फिकीर सगळ्यांनाच होती. भूकंपानंतर नदीकाठचं गाव उठून माळावर वसलं. घरांसाठी माळ मोकळा झाला, झाडं गेली, आणि पावसागणिक रान खाली तेरणेत उतरू लागलं. सिंधु लहान असताना नदीच्या डोहात कासवं दिसायची. काठावर उन्हाला बसायची, चाहूल लागली की डुबुक्! आता तिथं गुडघाभर गाळ होता.

"कासवं येतील का परत?" तिनं विचारलं.

"माती इथं थांबली, की डोह मोकळा हुईल. मग येतील. त्यांना घाई नसती."

"आन तुमाला?"

दयानंदनं नळी उगाच झटकली.

पुढं रोज तीच त्याची जोडीदार झाली. नळी लांब, त्यामुळं बोलायचं तर ओरडून, आणि ओरडलं की लिंबाखाली बसलेल्या आबांना ऐकू जायचं. म्हणून दोघं फक्त कामाचं बोलायचे. "वर सरका." "थोडं खाली." "डोळा पाण्याच्या रेषेत ठेवा." पण 'थोडं खाली' म्हणताना त्याचा आवाज असा काही मऊ व्हायचा, की सिंधुला वाटायचं, उतार संपूच नये.

उतार संपला. सुट्टीही संपली. डॉक्टर व्हायचं म्हणून दुसऱ्या दिवशी ती बारावीच्या क्लाससाठी लातूरला निघणार होती. आबांच्या रानातला शेवटचा तुकडा राहिला होता. वारा सुटला होता, तिची ओढणी काठीला गुंडाळत होती, आणि तो बघत होता. ती पण बघत होती. खोटं कशाला बोला?

"किती आलं?" त्यानं विचारलं.

"तुमच्याएवढंच."

त्यानं चुना टाकला. तपासलं नाही. तो आता बोलेल, मग बोलेल म्हणत सिंधु वाट पाहत राहिली, आणि तो नळी गुंडाळत राहिला.

लातुरात एका खोलीत चौघीजणी, भिंतीवर सूत्रं, एसटीनं येणारा आईचा डबा. सिंधु अभ्यासात मागं नव्हती. पण केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला सर म्हणाले, "डोळा पाण्याच्या रेषेत ठेवा," आणि तिचा आकडा लिहायचाच राहिला. पाऊस आला की तिला वाटायचं, तिकडं रानातही आला असेल. तो बांधावर उभा असेल, भिजत. दुसरी काठी कुणाच्या हातात असेल? हा विचार आला की तिला जेवण जायचं नाही. आठवण येत होती, फार येत होती, आणि ती सांगावी असं एकही माणूस त्या गजबजलेल्या शहरात नव्हतं.

भादव्यात एकदा डबा घेऊन आबाच आले.

"समदे बांध टिकले बग. पानी कसं निवांत बसलंय चरात! फकस्त आपलाच फुटला, शेवटचा. माती गेली डोहात." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "दयानंदनं दगडं रचून बुजिवलाय. म्हनला, चूक माजी. आकडा तपासला न्हाई. मी इचारलं, आकडा तरी किती आलता? तर गडी गप! कानापतूर लाल."

सिंधुच्या हातातली भाकरी तशीच राहिली.

"म्हनलं, परत माप घे. तर म्हनतो, दुसऱ्या टोकाला मानूस न्हाई. गावात मानसं कमी हायती का गं?" आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "येळवशीपतूर हाय म्हनं तो. मग माहूरच्या डोंगराकडं धाडायलेत त्याला."

येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या रानपूजेला, लातूर ओस पडतं. सगळी माणसं रानात. सिंधु पहिल्या एसटीनं आली. हिरव्या ज्वारीत पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप, आईनं मडक्यातून ओतलेली आंबील, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास. आणि शेवटच्या बांधापाशी तो, दोन काठ्या घेऊन. एक हातात, एक जमिनीवर आडवी.

तिनं ती उचलली.

"उद्या चाललाव म्हनं?"

"हाव. सकाळच्या गाडीनं."

"आन बोलणार कवा?"

दयानंदनं कोपीकडं पाहिलं. आबा तिथंच होते, वाटी तोंडाला लावून. नळी तेवढीच लांब होती. मग त्यानं जे करायचं ते केलं... ओरडूनच बोलला.

"सिंधु, तुज्याबिगर दुसऱ्या कुणाच्या हातात ही काठी द्यावी वाटंना मला! तू डॉक्टर हो. कितीबी वर्षं लागू दे. मी थांबतो!"

शेजारच्या रानातली माणसंही वळून बघायला लागली. सिंधुला पळून जावंसं वाटलं आणि जागचं हलावंसंही वाटेना.

"मीबी थांबते," ती म्हणाली. तेवढं मात्र हळूच. पण त्याला पोचलं.

आबांनी वाटी खाली ठेवली.

"लेकरांनो," आबा म्हणाले, "आधी पान्याकडं बगा. मागच्या बारीला एकमेकांकडं बगितलं आन माजी माती गेली. बांध नीट झाला, की बगा मग जलमभर."

आई पदर तोंडाला लावून हसली. दयानंदनं काठी सरळ केली, सिंधुनंही केली. नळीतलं पाणी हेलकावत, वरखाली होत, हळूहळू निवळलं.

"किती आलं?" त्यानं विचारलं.

उद्या तो माहूरला, ती लातूरला. तिनं डोळा पाण्याच्या रेषेत धरला, पण आकडा काही दिसेना. सगळं धूसर झालं होतं.

"थांबा जरा... दिसंना मला."

"सावकाश," तो म्हणाला. "मी धरून हाय."