म्यानात खुळखुळणारा खंजीर

शस्त्रावरून घराण्याची ओळख पटते, असं सासरे आयुष्यभर सांगत आले. या घराण्याचं शस्त्र म्हणजे एक जपानी खंजीर. तो कपाटात एका जुन्या लोकरी मोज्यात ठेवलेला असे, आणि म्यानात घातला की खुळखुळत असे.

त्या खुळखुळण्यापायी थोरली सून एकोणीस वर्षं चोर ठरली होती.

आज तो खंजीर जेवणाच्या टेबलावर, धुतलेल्या टॉवेलवर पडला होता, आणि संग्रहालयाच्या शस्त्र विभागातल्या बाई त्याच्यावर वाकल्या होत्या. त्यांना बोलावलं होतं नणंदेने. "एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे," ती म्हणाली होती. म्हणताना तिने वहिनीकडे पाहिलं नव्हतं, भिंतीकडे पाहिलं होतं. पण असं, की भिंतीलाही आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

एकोणीस वर्षांपूर्वी नणंदेने आपल्या सासरच्यांना दाखवायला खंजीर बाहेर काढला आणि तो खुळखुळला. पणजोबांच्या फोटोत पातं दोन बोटं रुंद, आणि हे जेमतेम एक बोट. संध्याकाळपर्यंत निकाल लागला : खरा खंजीर वहिनीच्या माहेरी गेला आणि त्याच्या जागी हे भंगार आलं. तोंडावर कोणी काही म्हणालं नाही, घर सुसंस्कृत होतं. फक्त तेव्हापासून थोरली माहेरी निघाली की नणंद सहज म्हणे, "पिशवी जड दिसते, वहिनी." नवऱ्याचं या प्रकरणातलं एकंदर योगदान "जाऊ दे" एवढंच होतं. ते मात्र त्याने सातत्याने दिलं.

आणि खरं काय ते थोरलीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं...

सासऱ्यांचा पुस्तकबांधणीचा कारखाना होता. कागद कापायच्या मशीनचं पातं दर महिन्याला धारवाल्याकडे जाई. शस्त्र बोथट राहणं हा पूर्वजांचा अपमान, म्हणून त्या पात्याबरोबर सासरे खंजीरही पाठवत. नेण्या-आणण्याचं काम थोरलीचं. आठ वर्षं, दर महिन्याला, जन्मात कधी कागदाचा कपटाही न कापलेल्या त्या खंजिराला धार लावली गेली. झिजून तो अर्धा झाला, तेव्हा घराला तो अचानक आठवला. त्या संध्याकाळी सासरे स्वयंपाकघरात आले, हात जोडून म्हणाले, "सूनबाई, चार दिवस गप्प राहा. मी सांगतो सगळ्यांना."

ते चार दिवस अजून चालूच होते.

तेही तिने पोटात घातलं असतं. पण तिचे वडील... त्या वर्षापासून त्यांनी या घरात पाऊल टाकलं नाही. ती भेटायला गेली की डोक्यावरून हात फिरवत, खंजिराविषयी अवाक्षर काढत नसत. लेकीच्या कलंकाचं हलाहल तो स्वाभिमानी माणूस मूकपणे प्यायला आणि तसाच गेला, हे शल्य तिच्या अंतःकरणात असं रुतून बसलं होतं की सासऱ्यांच्या ताटात पोळी वाढताना कधीकधी तिचा हात थबकत असे. पोळी मात्र ती वाढत असे.

संग्रहालयाच्या बाईंनी छोट्या लाकडी हातोडीने मुठीतली बांबूची खुंटी ठोकून काढली आणि मूठ अलगद उतरवली. आतून पोलादाचा काळपट, जांभळट गंज धरलेला भाग निघाला.

"वय इथे कळतं," त्या म्हणाल्या. "हा भाग कोणी घासत नाही. असा गंज चढायला दीडशे-दोनशे वर्षं लागतात. घडण जपानचीच. कारागिराचं नाव नाही, पण खंजीर अस्सल आहे."

"अस्सल?" नणंदेचा आवाज बसला. मग घराण्याचा मान सावरावा म्हणून ती म्हणाली, "पणजोबांनी लढाईत एका जपानी सेनापतीच्या हातातून हिसकावला होता."

"सेनापतीच्या हातातून अवघड आहे. इतका आखूड, मुठीपाशी हात वाचवणारी आडवी पट्टी नाही... असे खंजीर तिथल्या घरंदाज बायका कमरेच्या पट्ट्यात बाळगायच्या."

पणजोबांनी नेमकं कोणाकडून काय हिसकावलं, हे कोणी विचारलं नाही.

"आणि हे बघा." बाईंनी पात्यावर बोट ठेवलं. "मुठीतला भाग रुंद आणि पातं अरुंद, असं कधीच नसतं. पातं मूळचं दोन बोटं रुंद होतं. कोणीतरी वर्षानुवर्षं मशीनच्या दगडावर घासलंय. धारेकडची कडक पोलादाची पट्टी पार गेली. आता याची धार टिकायची नाही."

"म्हणजे वहिनीने विकला नाही," नणंद सावकाश म्हणाली. "घासून संपवला."

थोरलीच्या मस्तकात काहीतरी तडकलं. आठ वर्षांच्या खेपा, एकोणीस वर्षांच्या पिशव्या, वडिलांचं ते मौन, सगळं एकदम कंठाशी आलं... आणि आवाज निघाला तो मात्र पाणी हवंय का विचारावं तसा.

"मामंजी, तुम्ही सांगता की मी सांगू?"

सासरे टॉवेलची कड सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मीच पाठवत होतो धारेला. हिने नको म्हणून सांगितलं होतं. दोनदा."

"बाबा, मग बोलला का नाहीत?"

"मला नावं ठेवली असती तर कारखान्यात माझं कोणी ऐकलं नसतं. हिचं तसंही कोणी ऐकत नव्हतं."

आयुष्यात पहिल्यांदाच सासरे इतकं खरं बोलले होते. नणंदेने तोंडावर पदर धरला. "वहिनी, मी तुमच्या पिशव्यांकडे बघायचे हो..." आणि ती थोरलीच्या खांद्यावर कोसळली. थोरलीचेही डोळे वाहू लागले, पण एका हाताने नणंदेला थोपटत दुसऱ्या हाताचं बोट तिने सासऱ्यांवर रोखलं.

"मला क्षमा मागू नका. उद्या माझ्या भावाच्या घरी चला. माझे वडील ज्या घरात खाली मान घालून गेले, तिथे उभं राहून हे सांगा."

"जाऊ दे," नवरा म्हणाला.

"तुम्हीसुद्धा चला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी वर्षांचे सासरे लेकीच्या आणि मुलाच्या आधाराने थोरलीच्या माहेरच्या दारात उभे राहिले. हात जोडले. कंप पावणाऱ्या आवाजात सगळं बोलले : खंजीर, धार, आळ, आपलं भ्याड मौन. "तुमचे वडील आमच्या घरी यायचे थांबले, ते पाप माझं," म्हणताना त्यांना हुंदका आवरेना. थोरलीने डोळे मिटून घेतले होते. हा क्षण वडिलांनी पाहायला हवा होता...

भावाने सर्वांना आत बसवलं, पाणी दिलं.

"कुठला खंजीर?" त्याने विचारलं.

नणंदेने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"बाबा यायचे थांबले ते गुडघ्यांमुळे," तो म्हणाला. "तुमचा तिसरा मजला ना. डॉक्टरांनी जिने बंद केले होते."