जाहिरातींनंतरची हिसायो

किन्हवलीच्या नाक्यावर एसटीची वाट बघत मनस्वी आपल्या मैत्रिणीला, संगीताला, गोरोताच्या मरणाची हकीकत सांगत होती. हातवारे करून, डोळे मोठे करून, अगदी आपल्याच भावकीतला माणूस गेल्यासारखी. कडा केवढा उंच, खाली नदी केवढी फेसाळलेली, गोरोताच्या हातातली तलवार कशी सुटली आणि मग तो…

"मेला नाय तो," मागून कोणीतरी म्हणालं.

मनस्वीनं वळून पाहिलं. शेडच्या खांबाला टेकून एक मुलगा उभा होता. भाद्रपदातली सर नुकतीच सरून गेली होती आणि त्याच्या केसांतून अजून पाणी टपकत होतं. बारावीच्याच वर्गातला, मुलांच्या शेवटच्या बाकावरचा. नाव संदेश, सरळगावकडचा, एवढंच तिला ठाऊक होतं. वर्षभरात त्याचा आवाजसुद्धा तिनं कधी ऐकला नव्हता.

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं त्याला पडताना," ती म्हणाली.

"पडला. पण खाली झाडाची फांदी होती. त्या तिरंदाज पोरीनं वरून दोर टाकला." मग तो उगाच चपलेनं चिखल उकरत म्हणाला, "जाहिरातींच्या नंतर."

तर भानगड अशी होती. संध्याकाळी टीव्हीवर 'सात सितारों का किला' नावाचं जपानी कार्टून लागायचं. मोठमोठे डोळे, वाऱ्याशिवाय उडणारे केस, आणि हिंदीत बोलणारे जपानी लोक. ते सुरू असताना, बरोबर मधल्या जाहिराती लागल्या की, मनस्वीच्या शहापूरकडच्या गावात लोडशेडिंगची पाळी यायची. लाइट गपकन जायची. आणि नेमकी तेव्हाच संदेशच्या मुरबाडकडच्या गावात यायची. म्हणजे वीजमंडळानं एकाच गोष्टीचे दोन तुकडे करून दोन तालुक्यांत वाटून टाकले होते. आधीचा अर्धा हिच्या पदरात, नंतरचा त्याच्या.

मग काय, सुरू झाली देवाणघेवाण. कॉलेज सुटलं की रस्त्याच्या या बाजूला शहापूरची गाडी, त्या बाजूला मुरबाडची. संदेश आपली बाजू सोडून हिच्या बाजूला यायचा. आधी ती सांगायची, मग तो. गावचे चार लोक बघायचे, पण कार्टूनवर बोलणाऱ्या पोरांचा संशय कोण घेणार? बारावीला आलेत आणि बाळबोध गोष्टी चघळतायत, असं म्हणून लोक हसायचे. मनस्वीलाही हसू यायचं, पण वेगळ्या कारणानं.

आणि भांडायची किती दोघं! गोरोता शूर की नुसता केसांचा शौकीन? संदेश म्हणे शूर. ती म्हणे, एक उडी मारायला अख्खा भाग घेतो, तोवर आमच्या गावची म्हैस नदी ओलांडून येईल. राजा, सेनापती आणि चहा विकणारी म्हातारी, तिघांना आवाज एकाच माणसाचा, हे संदेशनं पकडलं होतं. ती लोकं आपल्यासारखीच भाताची आहेत, शेतं तशीच, बांध तसेच, लावणीसुद्धा वाकून तशीच करतात, हे तिनं. त्या दिवशी तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "हे मला नसतं सुचलं," म्हणाला. मनस्वीचे कान गरम झाले आणि नेमकी गाडी आली… तेवढीच एकदा वेळेवर.

पण तिचा खरा जीव होता हिसायोवर. तीच ती दोर टाकणारी तिरंदाज. शेतकऱ्याची पोर, कमी बोलणारी, आपलं धनुष्य दुसऱ्याच्या हातात न देणारी. दसऱ्याच्या सुमारास एका भागात हिसायो नदीच्या मधोमध एकटी उभी होती, समोर पन्नास घोडेस्वार, आणि लाइट गेली. मनस्वीला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी संदेश नाक्यावर दिसताच ती जवळजवळ धावतच गेली. "वाचली ना रे ती?"

तो तिच्याकडे बघत राहिला. तिचे डोळे सुजलेले होते.

"वाचली," तो म्हणाला.

त्यानंतर हिसायो फक्त जाहिरातींच्या नंतरच यायला लागली. मनस्वीच्या वाट्याला गोरोता, त्याची उदास तोंडं आणि घोड्यांच्या टापा. संदेशच्या वाट्याला हिसायो. ती उत्तरेच्या डोंगरात फौज जमवायला गेलीय, असं तो सांगायचा. तिनं डाकूंच्या सरदाराला एका वाक्यात कसं गप्प केलं, खेड्यातल्या बायकांना धनुष्य कसं शिकवलं. पूर्वी तुटक बोलणारा संदेश आता रंगून सांगायचा. आवाज बदलायचा, मध्येच थांबायचा, तिच्या चेहऱ्याकडे चोरून बघायचा. मनस्वी कुरकुरायची, "सगळं चांगलं तुझ्याच वाट्याला." पण कुरकुरीत राग कुठे होता? त्याच्या तोंडून हिसायो ऐकायला मिळावी म्हणून लाइट जायची ती आता वाट बघायची.

एकदा त्यानं दरबाराचा प्रसंग सांगितला. राजानं हिसायोचं लग्न सेनापतीशी ठरवलं, सगळ्यांसमोर हुकूम दिला. हिसायो पुढे झाली आणि म्हणाली, माझा बाण कुठं जायचा ते मी ठरवणार, आणि अजून मी नेम धरलेला नाही.

मनस्वीनं ते वाक्य घरी नेलं. कारण तुळशीचं लग्न होताच तिच्याही घरी पाहुणे आले होते. पडघ्याकडचे, भल्या घरचे. सुपारी फोडून ठेवू, लग्न नंतर करू, असं मोठ्यांचं चाललं होतं. पोह्यांच्या बशा देऊन आत वळायची ती वळली नाही. तिथंच उभी राहून म्हणाली की तिला नर्सिंगला जायचंय, ठाण्याला, आणि तोवर कोणाची सुपारी फोडायची नाही. आई भिंतीला टेकली. पाहुणे उठून गेले. तिसऱ्या दिवशी भात झोडताना पेंढी आपटत बाबा म्हणाले, "ठाण्याला राहायची सोय काय असते, बघून ये एकदा."

हे सगळं तिनं नाक्यावर संदेशला सांगितलं, तेव्हा ती जमिनीवर नव्हतीच. "हिसायोमुळं झालं रे सगळं," म्हणाली. "ती बोलली म्हणून मी बोलले."

तिला वाटलं तो खूश होईल. तो हसला, पण त्याचं हसू अर्ध्यातच विझलं. मुरबाडची गाडी लागली तसा काही न सांगता चढून गेला.

पौषात मुरबाडकडे म्हसा गावची जत्रा भरली. मनस्वी आईबाबांबरोबर गेली, कल्याणची मामेबहीण सरिताही आली होती. संदेशचे बाबा बैलांची जोडी बघायला येणार, म्हणजे संदेश येणार, म्हणजे कुठेतरी अगदी योगायोगानं गाठ पडणार, हे नाक्यावर आधीच ठरलेलं. मनस्वीनं त्यासाठी जांभळा ड्रेस घातला होता आणि कुणी विचारलं तर थंडीसाठी घातलाय असं सांगायचं ठरवलं होतं.

पाळण्याच्या रांगेत सरितानं विषय काढला. तीही तेच कार्टून बघायची, आणि कल्याणात त्या वेळेला लाइट जात नसे. मनस्वीचा चेहरा उजळला. हिसायो आता परत येईल का फौज घेऊन, तुला काय वाटतं, असं तिनं विचारलं.

सरितानं तिच्याकडे विचित्र पाहिलं. "कुठून परत येईल? ती दसऱ्यालाच गेली ना. नदीत. मी दोन दिवस जेवले नव्हते."

मनस्वी हसली. मग तिला कळलं की सरिता हसत नाहीये. डोंगर, डाकू, दरबार, तिनं एकेक विचारलं. सरिता प्रत्येकाला मान हलवत राहिली. "असलं काय झालंच नाय, मनू. तुला कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं! घंटांचा, भोंग्यांचा, विक्रेत्यांचा सगळा गलका एकदम लांब गेला. पाहुण्यांसमोर ती कोणाचं वाक्य बोलली होती? जी बोललीच नाही तिचं? आणि इतके दिवस तिच्या डोळ्यांत बघून जो सांगत होता… तो तिला काय समजत होता? रांग सोडून ती निघाली.

संदेश घोंगड्यांच्या दुकानांपाशी उभा होता. तिला येताना बघून त्याचा चेहरा फुलला, आणि ती जवळ आली तसा उतरला.

"हिसायो कधी मेली?" तिनं विचारलं.

त्यानं खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. "त्याच दिवशी. तू विचारलंस, वाचली ना रे. तुझे डोळे असे… मी हो बोलून गेलो. वाटलं, दोन दिवसांनी सांगू. पण एकदा हो बोलल्यावर रोज जगवायला लागली तिला."

"तुला काय वाटलं, मला ऐकवणार नाय? मी काय लहान पोर आहे?"

"नाय."

"दरबारातलं ते बोलणं?"

"ते मीच."

"म्हणजे मी तिथं तुझं शिकवलेलं बोलले. पोपटासारखी."

"नाय गो." आता मात्र त्यानं मान वर केली. "माझ्यात कुठं एवढा दम? मला ड्रॉइंगला जायचंय हे मी अजून बाबांना सांगितलं नाय. हिसायो काय बोलेल ते मला कधी सुचायचंच नाय. मग मी विचार करायचो, मनस्वी असती तर काय बोलली असती. तू कंडक्टरशी भांडलीस ना, म्हाताऱ्या बाईला मध्येच उतरवत होता तेव्हा, तेच मी डाकूंच्या सरदाराला ऐकवलं. सगळं तुझंच होतं. मी फक्त तिचं नाव लावलं." तो एक पाऊल पुढं आला. "आणि पाहुण्यांसमोर हिसायो नव्हती. मी पण नव्हतो. तू एकटीच उभी होतीस."

घोंगड्यांचा तो उबदार, लोकरीचा वास मनस्वीच्या नाकात भरला होता, आणि रागाला घट्ट धरून ठेवावं तर तो हातातून निसटत होता.

"ती कशी गेली ते सांग," ती शेवटी म्हणाली. "जे दाखवलं तेच."

मग त्यानं सांगितलं. आवाज न बदलता, मध्ये न थांबता. हिसायोकडे एकच बाण उरला होता. तो तिनं घोडेस्वारांवर सोडलाच नाही, दोराला बांधून पलीकडच्या झाडात मारला, म्हणजे मागची लोकं तो दोर धरून नदी ओलांडतील. लोकं ओलांडत असताना हिसायो तिथंच उभी राहिली. काही बोलली नाही. शेवटी नुसतं पाणी दाखवलं, आणि त्यावरून वाहणारी भाताची रोपं.

मनस्वीच्या गालांवरून पाणी आलं तसं तिनं येऊ दिलं. पुसलंही नाही.

"हे तुझ्यापेक्षा भारी होतं," ती हुंदक्यातून म्हणाली.

"माहीत आहे," तो म्हणाला, आणि त्याचेही डोळे भरलेले होते.

"आता ऐक. मला वाईट वाटेल म्हणून यापुढं काय बदलायचं नाय. रडले तर रडले. माझं रडणं मी बघेन."

"नाय बदलणार."

"अजून काय लपवलंय का?"

संदेशनं चपलेनं माती उकरली. घोंगडीवाल्यानं एक घोंगडी झटकून, घडी करून, ढिगावर ठेवली.

"आहे एक," संदेश म्हणाला. "तू आवडतेस मला. कार्टून नसतं ना, तरी मी रस्ता ओलांडला असता."

पाहुण्यांसमोर न अडलेली मनस्वी, कंडक्टरला गप्प करणारी मनस्वी आता घोंगड्यांच्या ढिगाकडे वळली. तिनं घोंगडीच्या दशा बोटांनी सरळ केल्या, पुन्हा विस्कटल्या. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. तो बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरची भीती तिला बघवेना.

"मला पण," ती म्हणाली. जरा मोठ्यानंच निघालं ते. घोंगडीवाल्यानं वर पाहिलं आणि शहाण्या माणसासारखं दुसरीकडे तोंड केलं.

"खरं?" संदेशनं विचारलं.

"खरंच," ओल्या गालांनी हसत ती म्हणाली. "मी काय तुझ्यासारखी गोष्टी रचत नाय."