मला गाडी लागते

बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत वाकून एका माणसाने विचारलं, "सगळ्यात आधी कुठली गाडी सुटते?"

"तुम्हाला जायचंय कुठे?" आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं.

"तेच ठरवतोय."

मागे रांगेत उभी असलेली मुलगी फिसकन हसली. तो वळला. उंच, उन्हाने रापलेला, पाठीवर एकच पिशवी, आणि हसणाऱ्याला पकडल्याचा आनंद चेहऱ्यावर.

"हसायला काय झालं? तुमचं बरं ठरलेलं असतं! कुठे निघालात?"

खरं सांगायचं तर ती कुठेच निघाली नव्हती. ती मावशीला पोचवायला आली होती. मावशी दरवर्षी 'आठ दिवसांत नऊ ठिकाणं' अशा सहलीला जात असे आणि परत आल्यावर तिला त्यातली जेवणंच आठवत. आत्ताही ती बाकावर बसून बरोबरच्या बायकांना खोल्या वाटून देत होती, आणि तिची बॅग भाचीच्या खांद्यावर होती. त्या बॅगेनेच घात केला. पोरगी म्हणाली, "मी ना... बंदराच्या शहरात. तिकडे घड्याळाच्या मनोऱ्यामागे, तिसऱ्या गल्लीत एक बेकरी आहे. तिथल्या बाई पाव आधी गल्लीतल्या आंधळ्या कुत्र्याला घालतात, मग गिऱ्हाइकाला."

तो बघतच राहिला. "नुसतं कुत्र्यासाठी एवढ्या लांब?"

"पावही बरा असतो."

तेवढ्यात आतल्या बाई ओरडल्या, "तीन नंबरची सुटतेय, जायचं तर पळा!" आणि तो पळाला. धावत्या गाडीच्या दारातून त्याने हात केला, तो नेमका तिला की खिडकीतल्या बाईंना, हे तिला कळलं नाही. तिने आपल्यालाच केला असं धरून चालायचं ठरवलं.

आता ही मुलगी कोण, ते सांगायला हवं. ती प्रवासाची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनात संपादनाचं काम करायची. ऱ्हस्व-दीर्घाची चूक तिला दहा हातांवरून दिसे, म्हणून कचेरीत तिचं नाव वेलांटी पडलं होतं. सहा वर्षांत बेचाळीस शहरं तिच्या हाताखालून गेली. कुठल्या शहरात ट्रॅम कुठे वळते, कुठल्या संग्रहालयाला सोमवारी सुट्टी, कुठल्या पुलावर वारा टोप्या पळवतो, सगळं तिला तोंडपाठ. आणि स्वतः ती गावाच्या वेशीपलीकडे चार वेळा गेली असेल, तीही डोळे मिटून, हातात लिंबू घेऊन. कारण साधं होतं. पण ते कारण असं होतं की ज्यावर लोक आधी हसतात आणि मग आल्याचा तुकडा सुचवतात. त्यामुळे ती कुणाला सांगत नसे.

तीन आठवड्यांनी तोच माणूस कचेरीच्या दारात उभा राहिला, हातात हस्तलिखित घेऊन. नाव होतं 'चुकलेले थांबे'.

"अरेच्चा!" तो म्हणाला. "आंधळा कुत्रा!"

"हे बाईमाणसाला हाक मारायचं काय वळण म्हणायचं!" कोपऱ्यातून आर्टिस्टकाका म्हणाले. ते तिथे तीस वर्षं मुखपृष्ठं करत होते आणि त्यांना सगळं आधीच कळलेलं असे.

महिनाभर दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसली. त्याची प्रवासाची तऱ्हाच वेगळी. पाहायच्या जागांची यादी करायची नाही, दुसऱ्याच कुठल्या थांब्यावर उतरायचं. एका शहरात तो दिवसभर एका पोस्टमनच्या मागे हिंडला होता आणि संध्याकाळी पोस्टमननेच त्याला घरी नेऊन सासूशी ओळख करून दिली होती. दुसऱ्या एका शहरात न्हाव्याकडे केस कापून घेता घेता त्याने अर्धा इतिहास ऐकला. "बाकीचा अर्धा दाढीला राहिला," तो म्हणाला.

"आणि राजवाडा?"

"राजवाडा होता का तिथे?"

"बघा! मावशीच्या सहलीत तोच पहिला असतो."

"मग मावशींना विचारा, न्हावी होता का म्हणून."

ती हसे, चुका दुरुस्त करे आणि मध्येच एखादं शहर सांगे. तो हातातला चहा तसाच ठेवून ऐके. तिला ते फार आवडे. आपण खोटं बोलतोय असं तिला वाटतच नसे, कारण बेकरी खरी होती, कुत्रा खरा होता. फक्त ती तिथे नव्हती.

मग एके दिवशी तो पेन्सिलीशी खेळत म्हणाला, "इतकी वर्षं मला वाटायचं, माझ्याबरोबर भलत्याच थांब्यावर उतरेल असं माणूस कुठून मिळणार... आणि ते आपलं खिडकीच्या रांगेत उभं होतं."

कुणाचाही जीव हरखून जावा असं ते वाक्य होतं. वेलांटीने समोरचं पान उगाचच उलटलं. हा ज्या मुलीवर लट्टू झालाय ती मुलगी मुळात नाहीच, आणि जी आहे तिला हा कधी भेटलेलाच नाही. त्या रात्री तिला धड जेवण गेलं नाही.

त्यातच मालकांनी भर घातली. पुस्तकातलं तळ्याकाठच्या गावाचं प्रकरण अगदीच लंगडं आहे, दोघं रविवारी जाऊन बघून या. मध्ये घाट, एकोणीस वळणांचा. ती कसनुसं हसली आणि घरी आल्यावर, मोठ्या धीराने, त्याला फोन केला.

"एक सांगायचं होतं. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं... मला गाडी लागते."

पलीकडून उत्तर आलं, "असं होय. बरं. बघतो मी."

एवढंच? वेलांटीला वाटलं, किती समजूतदार माणूस! हसला नाही, आलं सुचवलं नाही. ती रात्रभर शांत झोपली.

रविवारी सकाळी दारात एक पांढरी गाडी उभी होती. धुतलेली, पुसलेली, आत गुलाबाच्या वासाची बाटली टांगलेली. तो बाजूला उभा, जरासा आखडलेला.

"मेव्हण्याची आणली. मी एसटीनेच जातो खरं तर. पण तुम्हाला गाडीच लागते म्हणालात..."

तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बेचाळीस पुस्तकांतली संदिग्ध वाक्यं तिने सरळ केली होती, आणि आयुष्यातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य असं दुहेरी सोडून दिलं होतं! तिथल्या तिथे सांगून टाकायचं. पण तो दार उघडून उभा होता, आणि वरच्या खिडकीतून मावशी कौतुकाने बघत होती. ती आत बसली.

पहिल्या वळणाला ती गप्प झाली. दुसऱ्याला त्याने विचारलं, "रागावलात का?" तिसऱ्याला ती म्हणाली, "त्या बाटलीला जरा..." आणि चौथ्याला त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

पुढचं वर्णन करण्यात अर्थ नाही. कठड्याशी वाकलेली ती, आणि मागे पाण्याची बाटली घेऊन भांबावलेला तो. तोंड धुऊन झाल्यावर ती दगडावर बसली आणि म्हणाली, "लागते म्हणजे ही अशी लागते!"

तो हसू आवरता आवरता एकदम थबकला. "मग बंदराचं शहर?"

"पान एकशे बारा."

"टोप्या उडवणारा पूल?"

"पान चाळीस. तळटीप." तिने ओढणीने तोंड पुसलं. "मी कुठ्ठेही गेलेली नाही. जे माणूस तुम्हाला हवंय ना, ते मी नाही. तुम्ही पुढे जा. मी चालत परत जाईन."

तो गाडीत बसला आणि गाडी पुढच्या वळणाआड गेली. ती गेलेल्या गाडीकडे बघत बसली. वाईट वाटत होतं, पण पोट मात्र हलकं झालं होतं.

पाच मिनिटांनी वळणावरून तो पायी परत आला. कपाळाला आठ्या. "महिनाभर मला बनवलंत," तो म्हणाला. "चला." आणि तिला चालवत गाडीपर्यंत घेऊन गेला. तिथे तिला उभी करून पुन्हा गाडी काढली, पुढच्या वळणाला लावली, पुन्हा पायी मागे आला. असं सुरू झालं. प्रत्येक वळण त्याला तीनदा पडत होतं, एकदा गाडीने, दोनदा पायाने. तिसऱ्या खेपेला येताना तो हसत होता.

"मी त्या शहरात दोनदा राहिलोय," तो धापा टाकत म्हणाला. "मला फक्त घड्याळ आठवतं. तेही बंद होतं. कुत्रा मला तुझ्या तोंडून दिसला."

"तुझ्या?"

"हो. आता ऐकून घे, नाहीतर दम संपेल. मी हिंडतो, आणि परत येऊन सांगायला कुणी नसतं म्हणून पुस्तकं लिहितो. मला तू लागतेस."

तिचे कान तापले. "लागतेस म्हणजे... कुठल्या अर्थी?"

"चहा लागतो तशी. रोज."

"महिनाभर तुम्ही-तुम्ही, आणि आज एकदम तू?"

"घाई नाही. उत्तर 'नाही' असेल तर मला 'तुम्ही'च म्हणत राहा. मी समजून घेईन, पुस्तकही पुरं करू." हे त्याने हसत म्हटलं, पण गाडीची किल्ली हातात उगाचच फिरत होती.

दोघं गाडीपाशी पोचली तेव्हा ती गाडीला टेकून उभी राहिली. एकशे बारा नंबरच्या पानावर याचं उत्तर नव्हतं. अजून बारा वळणं बाकी होती, आणि हा माणूस बिचारा घामाने निथळत होता. तो दाराकडे वळला तशी ती म्हणाली, "थांबायचं. या वेळी आधी मी जाऊन येते."

आणि गेली. एकटीच, ओढणी कमरेला खोचून, वळणापलीकडे दिसेनाशी झाली. तो रस्त्यात उभा राहिला. वाट बघण्याची त्याला सवय नव्हती. त्याने बाटली उघडली, पाणी न पिताच पुन्हा बंद केली.

बऱ्याच वेळाने ती जवळजवळ पळतच परत आली. गाल लाल, केस विस्कटलेले.

"काय आहे तिकडे?" त्याने विचारलं. हा घाट त्याने कितीदा तरी पाहिलेला होता.

"खाली तळं आहे. पण पुस्तकात हिरवं लिहिलंय ना, ते चूक आहे, करडं आहे. आणि काठावर एक म्हातारे गृहस्थ चपला हातात घेऊन उभे आहेत. एक पाय पाण्यात घालतात, बाहेर काढतात, पुन्हा घालतात... केव्हाचं त्यांचं ठरतच नाहीये."

"मग?"

"मग काय, बघायला चल ना!" ती म्हणाली आणि त्याचा हात धरून ओढला. "लवकर चल, तू येईपर्यंत ते पाण्यात उतरायचे!"