चामड्याची चकती

"शेषेरावानं माझ्या पोरीला छर्रा मारला, सायेब!"

बसलिंगप्पा उदगीरच्या ठाण्यात शिरला तेव्हा सकाळचे साडेअकरा झाले होते. फौजदार अण्णाराव टोपी उचलून त्याच्या मागं धावले.

बसलिंगप्पाच्या ओसरीत त्याची एकोणीस वर्षांची पोर शिवकांता निष्प्राण पडली होती. टँकरच्या रांगेतून नुकतीच आलेली तिची आई, नीलाबाई, लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. नुसती केस सारखे करत होती.

छर्‍याची बंदूक बसलिंगप्पाची, पण सापडली शेजारच्या शेषेरावाच्या घरावर, माळवदावर.

"तुझ्याकडं कशी आली ही?" अण्णारावांनी शेषेरावाला विचारलं.

"वानरं पाण्याच्या हौदावर तुटून पडायलीत, म्हणून परवा मागून नेली. पण आज दहालाच परत दिली, शिवकांताच्या हातात."

"का?"

"जोरच न्हाई बंदुकीत. छर्रा पत्र्याला लागून खाली पडायचा."

अण्णारावांनी छर्रा भरला, तेलाच्या रिकाम्या डब्यावर नेम धरला. डबा आरपार गेला.

शेषेरावाचा चेहरा उतरला. "देवाशपथ सायेब... ती पोर मला काका म्हणायची."

त्याला कोठडीत घातलं.

संध्याकाळी दवाखान्याचा कागद आला. लातूर जिल्हा होऊन वर्ष उलटलं होतं, तरी वर उस्मानाबादच छापलेलं. डॉक्टरांनी शाईनं काट मारली होती. खाली लिहिलं होतं: कानशिलावर अंगठ्याएवढा गोल मार. आत छर्रा नाही. दोन्ही तळहातांना ग्रीस. मार लागल्यावर अर्धा तास तरी जीव असावा.

अण्णारावांनी तो कागद चारदा वाचला. सकाळी बंदूक घेऊन ते चंद्रप्पा सायकलवाल्याकडं गेले. गावातल्या छर्‍याच्या बंदुका तोच दुरुस्त करायचा. चंद्रप्पानं दुकानातल्या पोराला बंदूक दाबून धरायला लावलं आणि हळूच पिन काढली.

"ह्याला दोघं लागतात, सायेब. आत स्प्रिंग आवळलेली असते. धरणाऱ्याचा हात निसटला, की मागचं लोखंडी बूच गोळीवानी सुटतं." त्यानं आतून हवा कोंडणारी एक चकती काढली. "ही नवी हाय. चपलेच्या चामड्याची. तवाच जोर आला."

अण्णाराव तिथून थेट बसलिंगप्पाच्या घरी गेले. ज्वारीच्या कणगीमागं एक जुनी बायकी चप्पल सापडली. टाचेत गोल भोक. चकती त्यात नीट बसली.

ती चप्पल त्यांनी बसलिंगप्पासमोर ठेवली. नीलाबाई चुलीपुढून उठून आली.

"शेषेराव खरं बोलत होता," अण्णाराव म्हणाले. "त्यानं दिली तेव्हा बंदूक निकामी होती. नंतर कुणीतरी ती खोलली आणि तुमच्या घरातल्या चपलेची चकती घातली. पोरीच्या हाताला ग्रीस होतं, म्हणजे धरायला तीच होती. बूच सुटलं ते तिच्या कानशिलात बसलं. छर्रा उडालाच नाही, बसलिंगप्पा. तुम्ही बंदूक परत जोडली आणि त्याच्या माळवदावर फेकली."

बसलिंगप्पानं चप्पल उचलली.

"हिनं बजावलं होतं, चंद्रप्पाकडं टाका म्हणून. पोरच म्हणाली, अप्पा, मी धरते, घ्या माझी जुनी चपल..." त्यानं नीलाबाईकडं पाहिलं. "हिला काय तोंड दाखवू, एवढंच सुचलं मला."

नीलाबाई अण्णारावांकडं वळली. "सायेब, लगेच गेली का वो माझी पोर?"

अण्णारावांच्या खिशात दवाखान्याचा तो कागद होता. त्यांनी मान खाली घातली. "हो, बाई. लगेच."

"न्हाई," बसलिंगप्पा म्हणाला.

त्यानं चप्पल खाली ठेवली.

"जित्ती होती. माझा हात धरला होता तिनं. म्या सोडवून घेतला... बंदूक जोडायला."

नीलाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. नवऱ्याकडं न बघता ती उंबरा ओलांडून बाहेर पडली. अण्णारावांनी मागून हाक मारली, "कुठं निघालात, बाई?"

"ठाण्यात," ती म्हणाली. "शेषेरावाचे पाय धरायला."